सात नंबरचं शिळं पाणी

गुरुवारी सकाळी साडेनऊला अमिना बागवान प्रयोगशाळेत शिरली आणि दारातच थबकली. खिडकीजवळच्या मांडणीवर तिच्या अकरा काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, आणि अकराच्या अकरा बाटल्यांतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. काल संध्याकाळी भिंत दिसत नव्हती. काल संध्याकाळी त्या हिरव्यागार होत्या.

"बग, कशा लखलखत्यात," मागून कस्तुराबाई म्हणाली. पदर खोचलेला, हातात काथ्या, आणि तोंडावर सकाळीच पुण्य पदरात पडल्याचं समाधान. "पाच दिसाचं पानी हुतं त्यात. समदं हिरवं पडलेलं, हात लावला तर बुळबुळीत. काथ्यानं घासल्या आन् ताजं भरून ठिवलं. आज पानी आलंय की."

आता यात कस्तुराबाईचं काय चुकलं, हे बाहेरगावच्या माणसाला चटकन कळेल. सोलापूरच्या माणसाला नाही कळायचं. इथे नळाला पाणी येतं पाच दिवसांनी. आलं की आधी साठवलेलं शिळं पाणी काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, आणि मग चहा. घरात लग्न असो की मयत, हा क्रम बदलत नाही. कस्तुराबाई बावीस वर्षं या कॉलेजात झाडलोट करत होती आणि वनस्पतिशास्त्र विभागाला स्वतःचं घर समजत होती. घर समजणाऱ्या माणसापासून देवाने वाचवावं, असं अमिनाला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

"मावशी," ती कसंबसं म्हणाली, "सात नंबरची बाटली पण?"

"ती तर आदी. तीच लई घान हुती."

अमिना स्टुलावर बसली. ती घाण म्हणजे तिची अडीच वर्षं होती. एका साध्या हिरव्या शेवाळात तिने एक परकं जनुक बसवलं होतं. एके काळी सगळी झाडं पाण्यात होती म्हणतात, आणि जमिनीवर जी पहिली आली ती या शेवाळाच्या भाऊबंदांतूनच. पण पाण्यातला जीव कोरड्यात जगायला शिकला कसा, हा प्रश्न. भिंतीवर वाढणारं मॉस उन्हाळ्यात करपतं आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं, त्या मॉसमधलं एक जनुक शेवाळात घालून बघायचं, की त्यालाही ही विद्या येते का. जनुक सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर चिकटवायचं आणि यंत्राच्या बंदुकीने पेशींवर झाडायचं. एकशे चाळीस वेळा झाडलं, तेव्हा एकदा बसलं. ते सात नंबरमध्ये.

सोन्याचं ऐकल्यापासून तिचे अब्बा, फळबाजारातले इसूफ बागवान, रोज रात्री जेवताना डोक्याला हात लावत. "अगे, काई को सोना लगा रही? अपने हौद में इत्ती काई पड़ी है, ले जा ना फुकट में." हौदातल्या शेवाळाचं ऐकून अमिना हसून सोडून द्यायची. आज हसू येत नव्हतं. बारा वाजता पुण्याहून, प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या डॉ. ऋतुजा गुळवणी येणार होत्या. प्रकल्पाला आणखी दोन वर्षं द्यायची की आजच गुंडाळायचा, हे त्या सात नंबरची बाटली स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवणार होत्या. प्रकल्प गुंडाळला की अमिनाची पीएच. डी. गुंडाळली.

"मावशी, ते पाणी ओतलं कुठं?"

कस्तुराबाईला हा प्रश्न आवडला नाही. "वतीन कशी? पानी वतत्यात व्हय कुनी? बादलीत काडलं. त्यात फडकं बुडवून समदा व्हरांडा पुसला, सायबाची खोली पुसली. उरलं ते बिरप्पानं कूलरला नेलं."

अमिना उठली आणि पळत सुटली.

विभागप्रमुख हत्तुरेसर आपल्या खोलीत कूलरसमोर उभे राहून स्वागताचं भाषण पाठ करत होते. एप्रिलचा महिना, दहा वाजताच बाहेर सदतीस अंश. कूलर सुसाट चालला होता आणि सरांचे उरलेसुरले केस मागे उडत होते. "आजच्या या मंगलप्रसंगी" इथपर्यंत ते आले होते, तेवढ्यात अमिनाने आत येऊन कूलरचं बटण बंद केलं.

"सर, कूलरमध्ये सात नंबर आहे."

सरांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते खुर्चीत बसले, मग खुर्चीही पुसलेल्या फरशीवर आहे हे लक्षात येऊन उभे राहिले. हत्तुरेसर तसे विद्वान माणूस, पण नियमांना फार भिणारे. जनुक बदललेला जीव प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जाता कामा नये, ही पाटी त्यांनीच दारावर लावली होती. इंग्रजीत. ती फक्त ज्यांना गरज नव्हती त्यांना वाचता येत होती.

"म्हणजे मी सकाळपासून," सर म्हणाले, "तो वारा खातोय?"

"सर, त्याने माणसाला काही होत नाही."

"हे तुम्ही सुरक्षा समितीला सांगा. माझी नोकरी अजून चार वर्षं आहे."

त्यातल्या त्यात एक सोय होती. जनुक बसलं की नाही ते ओळखायला अमिनाने त्याच्या जोडीला एक चमकणारं जनुक घातलं होतं. निळ्या दिव्याखाली नारिंगी चष्म्यातून बघितलं, की सात नंबरचं शेवाळ पिवळं झळाळायचं. म्हणजे अंधारात दिवा फिरवला की ते कुठे कुठे गेलंय ते कळणार. प्रश्न अंधाराचा होता. सोलापुरात एप्रिलमध्ये सकाळी दहाला अंधार कुठून आणायचा? खोलीला पडदे नव्हते. ते धुवायला काढले होते, पाणी आलं म्हणून.

मग सरांचं लक्ष कपाटाकडे गेलं. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेली चादर तिथे होती. अस्सल सोलापुरी, जाड, आत हात घातला तर हात दिसणार नाही अशी. सरांनी क्षणभर विचार केला, प्लास्टिकची पिशवी फाडली आणि चादर डोक्यावर घेऊन कूलरपुढे उकिडवे बसले. शेजारी अमिना. मागे दिवा धरायला शिपाई बिरप्पा. तिघांच्या अंगावर मिळून एक चादर, आत घामाच्या धारा.

"धर दिवा नीट," सर म्हणाले.

बिरप्पा दिवा नीट धरायला पुढे वाकला आणि सरांनी श्वास रोखला. बिरप्पाचं कपाळ पेटल्यासारखं पिवळं झळाळत होतं.

"बिरप्पा," सर अगदी हळू म्हणाले, "हलू नकोस."

"काय झालं सायेब? विंचू हाय का?"

"तुझ्या अंगावर चढलंय ते."

बिरप्पा हलला. चादरीसकट हलला. त्या गडबडीत दिवा सरांच्या तोंडावर पडला, आणि अमिनाने बघितलं तर सरांची मिशीही पिवळी चमकत होती. तिने ते सांगायला नको होतं. सर बाहेर आले ते थेट आरशापुढे. आरशात काही दिसेना, म्हणून पुन्हा चादरीत शिरले आणि मिशीला बोट लावून बोट बघितलं. बोटही चमकलं. एवढ्यात काय गोंधळ चाललाय ते बघायला कस्तुराबाई आली. तिचा हात चादरीत ओढून घेतला, तर दहाही नखं दिवाळीसारखी उजळलेली.

"घशात खवखवतंय मला," सर म्हणाले. "मघापासूनच खवखवत होतं."

मग त्यांनी घाबरलेला अधिकारी जे करतो ते केलं. लेखी आदेश काढला. "श्रीमती कस्तुराबाई यांनी यापुढे प्रयोगशाळेतील कोणत्याही वस्तूस, भांड्यास वा पाण्यास हात लावू नये," असं लिहून, शिक्का मारून, वाचून दाखवून कागद तिच्या हातात दिला. बावीस वर्षांत तिला कुणी लेखी काही दिलं नव्हतं. तिने कागदाची चौकोनी घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि वऱ्हांड्यात जाऊन बसली.

अमिना मात्र कोपऱ्यात उभी राहून विचार करत होती. शेवाळात स्वतःचा हिरवा रंग असतो, तो या दिव्याखाली लाल दिसतो. म्हणजे सात नंबर असेल तर लाल आणि पिवळं दोन्ही दिसायला हवं. बिरप्पाचं कपाळ नुसतं पिवळं होतं.

"बिरप्पामामा, कपाळाला काय लावलंय?"

"भंडारा. आमी रोज लावताव की. बिरोबाचा."

"आणि मावशी, सकाळी स्वयंपाक काय केला होता?"

"पिठलं," वऱ्हांड्यातून फटकळ उत्तर आलं.

"सर, तुम्ही नाश्त्याला पोहे खाल्लेत ना?"

सरांचा हात मिशीकडे गेला. बिरप्पाच्या पुडीतला चिमूटभर भंडारा तिने कागदावर ठेवून दिव्याखाली धरला. तो असा झळाळला की शंकेला जागाच उरली नाही. हळद. निळ्या दिव्याखाली हळद चमकते, आणि या विभागात हळद न लागलेला माणूस सापडणं कठीण होतं. सरांनी खिशातला रुमाल काढून मिशी पुसली आणि घसा खाकरला. घसा एकदम साफ झाला होता.

पण चोर अजून सापडला नव्हता. कूलरच्या पाण्यात लाल ठिपके दिसले, म्हणजे बाकीच्या दहा बाटल्यांमधलं साधं शेवाळ. पिवळं कुठेच नाही. वऱ्हांड्याच्या फरशीवर नाही, बादलीत नाही. सर पुन्हा चादरीत शिरून कूलर तपासत राहिले, आणि अमिना कस्तुराबाईपाशी जाऊन उकिडवी बसली.

"मावशी, चुकलं आमचं. एवढंच सांगा, सात नंबर कशी धुतलीत?"

कस्तुराबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "ती काथ्यानं बी निघंना. बुडाला चिकटून बसलेली. मग फडक्यानंच पुसून काडली, तर फडक्याला चिकटली ती सुटंचना. त्याच फडक्यानं बाकीच्या बी पुसल्या, आन् फरशी बी."

"फडकं कुठंय?"

"वर, वाळत."

अमिना जिने चढून गच्चीवर गेली. तारेवर फडकं होतं. दोन तास त्या उन्हात राहून ते पापडासारखं कडक झालं होतं, तारेवरून काढलं तरी तारेचाच आकार धरून राहिलं. कुठेकुठे हिरवट डाग होते, नखाने खरवडले की भुकटी होत होती. ती तिथेच टाकीच्या सावलीत बसली आणि रडली. अडीच वर्षांत ती एकदाही रडली नव्हती, एकशे एकोणचाळीस वेळा फसलं तेव्हाही नाही.

कस्तुराबाई धापा टाकत मागोमाग आली होती. पोरीला रडताना बघून तिचा राग उतरला. "मला काय ठावं, त्यात तुजा जीव अडकलाय म्हनून. शेवाळ जपतंय का कुनी?" ती शेजारी टेकली. मग म्हणाली, "भिजवून तर बग. मी कुठलंच फडकं भिजवून बगितल्याबिगर टाकत न्हाय. फाटलंय का नुसतं वाळलंय, ते भिजल्यावरच कळतंय."

त्याच वेळी खाली गाडी थांबली. पुण्याची रेल्वे त्या दिवशी नेमकी वेळेच्या आधी आली होती. डॉ. ऋतुजा गुळवणी विभागप्रमुखांच्या खोलीत शिरल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, फक्त कूलरपुढे एक मोठी चादर उकिडवी बसली होती आणि आतून निळा उजेड येत होता.

"हत्तुरेसर?" त्यांनी चादरीला विचारलं.

सर बाहेर आले. घामाने निथळत, नारिंगी चष्म्यासह. माणूस प्रसंगावधानी होता, हे कबूल करायलाच हवं. त्यांनी अंगावरची चादर उतरवली, झटकली, आणि "आजच्या या मंगलप्रसंगी" असं म्हणत बाईंच्या खांद्यावर घातली. ती ओली होती. बाईंनी ती दोन बोटांत धरून खुर्चीवर ठेवली.

"सत्कार नंतर. सात नंबर दाखवा."

अमिना दारात उभी होती. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. साध्या शेवाळाची दहा नंबरची बाटली सात म्हणून दाखवता आली असती. पण दहा नंबरमध्येही आता नळाचंच पाणी होतं. तिने हात पुढे केला.

"मॅडम, हे सात नंबर."

"हे काय आहे?"

"फरशीचं फडकं."

बाई विनोदी स्वभावाच्या नव्हत्या. त्यांनी सगळी हकीकत उभ्याउभ्या ऐकली आणि घड्याळ बघितलं. परतीची गाडी संध्याकाळी होती. "भिजवा," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय काम आहे इथे?"

फडक्याचा एक तुकडा कापून खतपाण्यात ठेवला. मधल्या वेळात सगळे जेवले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती, पण चव कुणाला लागली नाही. अडीच वाजता बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई हलेनात. हत्तुरेसर मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा करत होते.

"इथे दोन तऱ्हेच्या पेशी आहेत," बाई अखेर म्हणाल्या. "ज्यांत पिवळं नाही त्या सगळ्या फुटून गेल्यात. पिवळ्या होत्या त्या फुगून पुन्हा भरल्यात. जिवंत आहेत. अमिना, ये, बघ तू."

अमिनाने बघितलं. लाल आणि पिवळं, दोन्ही. तिच्या पेशी, दोन तास सोलापूरच्या उन्हात पापड होऊन, वर आलेल्या.

"अडीच वर्षं मी हेच मागत होते," बाई म्हणाल्या. "साधं आणि बदललेलं, एकाच जागी, एकाच उन्हात. तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत जपत बसायचात. हा प्रयोग आखला कुणी?"

"आमच्या विभागाने," हत्तुरेसर म्हणाले.

"किती ओलं होतं फडकं? किती पिळलं होतं?"

विभागाला ते माहीत नव्हतं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कस्तुराबाई दाराबाहेर उभी होती, उंबऱ्याच्या एक वीत अलीकडे.

"हेच पुन्हा तीनदा करून दाखवा," बाई म्हणाल्या. "असंच्या असं. तीनदा जमलं तर दोन वर्षं दिली. नाही तर हा नुसता योगायोग."

त्या गेल्या. कूलर, बादली, वऱ्हांडा सगळं औषध टाकून धुऊन काढलं. उरलेल्या फडक्यावरून अमिनाने तीन आठवड्यांत सात नंबर पुन्हा वाढवला, साधं शेवाळही वाढवलं, आणि प्रयोगशाळेच्या आतच फरशीचा एक चौकोन आखून घेतला. वाळवायला बंद काचेची खिडकी होती, गच्चीइतकीच तापणारी. सगळी तयारी झाली आणि तिने कस्तुराबाईला हाक मारली.

"मला हात लावता येत न्हाय," कस्तुराबाई म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून चौकोनी घडी काढली. "सायबांनी लिवून दिलंय. शिक्का हाय."

सरांना लेखी आदेश मागे घेणं म्हणजे दात काढून देण्यासारखं वाटायचं. "फडकं मारायला काय अक्कल लागते?" म्हणून पहिला प्रयोग त्यांनी स्वतः केला. ते वाकू शकत नव्हते, म्हणून फडकं पायाने फिरवलं, आणि पिळलंच नाही. ते दोन दिवस वाळलंच नाही, त्यावर साधं शेवाळही मजेत जगलं. दुसरा अमिनाने केला. तिने जिवाच्या आकांताने पिळलं, इतकं की सात नंबरही मेला. कस्तुराबाई उंबऱ्याबाहेर बसून दोन्ही बघत होती. मधूनमधून "अय्यो" म्हणत होती.

चौथ्या दिवशी सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, घडी मागून घेतली आणि तिच्यासमोर फाडली. "कस्तुराबाई, चुकलं आमचं," ते म्हणाले. "या आत."

"तसंच म्हनायचं की मग आदी," ती म्हणाली आणि पदर खोचला.

तिने एकदा केलं, जमलं. दुसऱ्यांदा केलं, जमलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा बिरप्पासुद्धा चष्मा लावून बघायला रांगेत होता. तिन्ही वेळा साधं शेवाळ गेलं आणि पिवळं उरलं. अमिना वही घेऊन तिच्यामागे फिरत होती. किती बुडवलं, किती वेळा फिरवलं, सगळं लिहून झालं. एकच रकाना अडला.

"मावशी, पिळता किती? म्हणजे, किती जोर लावून?"

"आता ते कसं सांगू? आमच्या मालकाचा सदरा पिळते, तेवढंच."

वजनाच्या काट्याला फडकं बांधून जोर मोजायचा प्रयत्न केला, तर काटाच तुटला. शेवटी हत्तुरेसरांनी मान डोलावली आणि अहवालात ते वाक्य, जसंच्या तसं, इंग्रजीत गेलं.

आठ दिवसांनी पुण्याहून मेल आला. प्रकल्पाला दोन वर्षं मंजूर. शोधनिबंधावर अमिनाच्या नावाशेजारी कस्तुराबाईंचं नाव हवं, अशी सूचना. आणि खाली गुळवणीबाईंची एकच शंका. अमिनाने ती दोनदा वाचली, मग वही उचलून वऱ्हांड्यात गेली.

"मावशी, मॅडम विचारतायत, सदरा सुती की टेरिकॉटचा?"

कस्तुराबाईने झाडू थांबवला. इतक्या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, याचं तिला वाईट वाटलं.

"सुती," ती म्हणाली. "लिव नीट. टेरिकॉट पिळत न्हाईत, झटकत्यात."

अमिनाने नीट लिहून घेतलं.